बिब्ब्याच्या फुल्या

सिस्टरनं रेणूच्या पोटाचं फडकं सोडलं आणि तिचा हात तिथंच थांबला. मान वर करून एकदा गोदावरीकडं पाहिलं, पुन्हा पोटाकडं पाहिलं, आणि पलीकडच्या टेबलाशी उभ्या डॉक्टरला हाक मारली. त्या हाकेत सकाळपासूनची घाई नव्हती, एक सावधपणा होता, आणि तो सावधपणा आपल्याविषयीचा आहे हे गोदावरीला फडक्याखालचं काही दिसायच्या आधीच कळलं. मग दिसलं. बेंबीच्या वर, जिथं श्वासागणिक कातडी फासळ्यांच्या आत ओढली जात होती, तिथं काळ्या फुल्या. एक तर थेट छातीच्या खळग्यात. फुलीभोवती लाल चट्टा, चट्ट्याच्या कडेला पाण्यानं टरारलेला फोड. आठ महिन्यांचं ते पोट. लेकीच्या आंघोळीनंतर गोदावरी त्याला गाल लावून बघायची, उगीचच. डॉक्टर वयानं तिच्याएवढाच असेल. त्यानं विचारलं, हे काय? बिब्बा, ती म्हणाली. कुणी घातला? ती फडक्याची सुटलेली गाठ चाचपत राहिली. त्यानंही मग तो प्रश्न बाजूला ठेवला, आधी श्वास बघू म्हणाला, आणि त्या एका वाक्यासाठी तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. वाफेचा मास्क लावला, सुई दिली, मास्कच्या आतलं ते धुरकट रडणं हळूहळू बारीक झालं, फासळ्या जरा निवल्या. रेणू खांद्यावर पेंगली तेव्हा डॉक्टर पाठमोरा फोनवर बोलत होता. लहान मूल, जळाल्याच्या खुणा, हो, आई सोबत आहे, हो, कळवतोय. जळाल्याच्या खुणा. तिच्या घरात मूल जाळलं गेलं होतं, आणि ते तिला असं कुणाच्या तरी पाठीकडून समजत होतं.

वॉर्डातली खाट रिकामी होईपर्यंत वर जाऊन बसा, बालसंरक्षणच्या मॅडम येतील, त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुठं जायचं नाही, असं एका लेडीज कॉन्स्टेबलनं सांगितलं. आवाज चढवून नाही, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर ती खुर्ची टाकून बसली ते बसलीच. लोखंडी बाकावर गोदावरी, खांद्यावर रेणू, आणि समोर भिंतीला टेकून, फरशीवर, पिशवी मांडीत घेऊन चतुराबाई, तिची सासू. बाक रिकामा होता तरी ती खालीच बसली होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आज सकाळपासून एकदाही म्हणाली नव्हती. भिंतीवर एक रंगीत चित्र होतं, हसरी आई, हसरं बाळ, वर कमानीसारखं काहीतरी लिहिलेलं. त्या आईच्या ब्लाउजला दुधाचा डाग नव्हता. तिला कुणी विचारलेलं दिसत नव्हतं, कुणी केलं म्हणून.

काल ती पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं चिकलठाण्याच्या नाक्यावर उतरली, तेव्हाच छाती भरून आली होती. दुधाला घर जवळ आल्याचं माणसाआधी कळतं. खोलीचं दार लोटलं आणि वास आला. जळक्या तेलाचा, तुरट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. आत्याबाई म्हणाली, ओव्यानं शेकलंय पोट, फडकं बांधलंय, सोडू नको, वारं लागंल. गोदावरीचा हात गाठीपर्यंत गेला होता. गेला होता, हे ती बाकावर बसून पुन्हा पुन्हा बघत होती, स्वतःचाच हात, नखात प्रयोगशाळेतल्या डिशचा जांभळा रंग अडकलेला, गाठीवर टेकलेला. मग तो परत आला. कारण काजळावरून भांडण झालं होतं, गुटीवरून झालं होतं, टाळूवर तेल थापण्यावरून झालं होतं, आणि गॅसचं सिलिंडर पुरवून वापरावं तशी ती भांडणं पुरवून वापरत होती. सगळी एकदम संपवली तर सकाळी कामावर कशी जाणार, पोरगी कुणाकडं ठेवणार. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली बाई. दिवसभर काचेच्या बशीत जंतू वाढवून, औषधाची बाटली शुद्ध आहे की नाही ते बघणारी बाई. तिनं घरी येऊन आपल्याच लेकराची गाठ सोडली नाही. सकाळी पोरीचं पोट भात्यासारखं हलायला लागलं तेव्हा शेजारची जैतुनबी दारातून नुसती बघूनच म्हणाली होती, पसली चल रही ना गे बच्ची की, अब घर की दवा बस करो. आणि रिक्षा तिनंच थांबवली होती.

फोन थरथरला. कडूबा होता, तिचा नवरा, टेम्पोत माल भरून चाकणच्या वाटेवर. मागं हॉर्न, ट्रकांची घरघर. रेणूचं कसंय ते त्यानं आधी विचारलं, हे खरं. पण पोलिसांचं ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. तो तिला समजावायला लागला, की म्हातारीचं नाव घेऊ नको, पोलिसाच्या कागदावर नाव चढलं तर ती तिथंच जीव देईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग कुणाचं घेऊ, असं तिनं विचारलं.

"कुणाचंच नको घेऊ. सांग, आपोआप उठलं. अगं, बिब्बाच हाय, इख हाय का ते? मला नाय का घातला? म्या मेलो का?"

तिनं फोन ठेवला नाही, नुसता कानापासून लांब धरला, आणि त्याचा आवाज त्या छोट्या चौकोनात माशीसारखा गुणगुणत राहिला. त्याचं पोट तिला पाठ होतं. लग्नानंतर पहिल्यांदा अंधारात तिच्या बोटांना ते ठिपके लागले होते, गुळगुळीत, बाकीच्या कातडीपेक्षा थंड. ती दचकली तेव्हा तो हसून म्हणाला होता, हे माझं खरं आधार कार्ड. तीही हसली होती. त्या ठिपक्यांवर तिनं ओठसुद्धा टेकले होते, देवा. तो जगला तो त्या ठिपक्यांमुळं, असं त्याच्या घरात सगळे मानत. त्याच्याआधीची आत्याबाईची लेकरं गेली. करमाडच्या पलीकडं त्यांचं गाव. एक पावसाळ्यात गेलं, ओढ्याला पाणी होतं म्हणून बैलगाडी निघाली नाही, एक तर तापात कडेवरच गेलं, दवाखान्याच्या वाटेवर. गावात सरकारी उपकेंद्र बांधलेलं होतं. पिवळ्या रंगाचं, पाटी लावलेलं. नर्सबाई राहायला कधी आलीच नाही, दाराला कुलूप, आणि व्हरांड्यात सरपंचाचा कडबा रचलेला. म्हातारी ते सांगताना रडायची नाही. लेकरू मांडीवर घेऊन त्या कडब्याच्या सावलीला बसली होती, एवढंच सांगायची, आणि बैल येऊन कडबा ओढून खात होते ते. मग हा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, एका म्हातारीनं उचलून सुपातून परत दिला, आणि नाव ठेवलं कडूबा, कडू, म्हणजे मरणानं तोंडात घातला तर थुंकून टाकावा. आणि पोटावर फुल्या. म्हातारीकडं जे होतं ते तिनं सगळं लावलं. ते खोटं नव्हतं. हे सगळं गोदावरीला समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच तिचा राग जास्त पेटत होता. न समजता रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तुमची लेकरं गेली म्हणून माझ्या लेकराचं पोट तुमचं होतं का? मला एकदा विचारलं असतंत. एकदा. तुमच्या हातात सुई होती, दिव्यावर धरलेला बिब्बा होता, माझी पोर किंचाळली असणार, आणि मी तेव्हा दहा-बारा किलोमीटरवर शेंद्र्यात, डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून, बशीतले ठिपके मोजत होते.

शेंद्र्याच्या त्या कंपनीत पाळणाघर होतं. होतं म्हणजे दार होतं. दारावर अस्वलाचं चित्र, आत रिकाम्या खोक्यांची थप्पी. रेणू पोटात असताना तिनं ते दार बघून ठेवलं होतं, हिशेबच केला होता मनात, जेवणाच्या सुट्टीत येऊन पाजता येईल. रजा संपवून कामावर आली तेव्हा एचआरवाला म्हणाला, मॅडम, बाई ठेवायची परवानगी वरून यायचीय. ती वरून आली नाही. मग एक दिवस साहेब तपासणीला येणार म्हणून खोकी बाहेर निघाली, नवे पाळणे आले, आणि त्याच एचआरवाल्यानं तिला घरी फोन करून सांगितलं, उद्या बाळाला घेऊन या. ती घेऊन गेली होती. तिला वाटलं होतं, सुरू झालं. नवा फ्रॉक घातला होता पोरीला. आणखी कुणाकुणाची मुलं आणली होती, एक तर चांगलं शाळेत जाणारं होतं, त्याला पाळण्याशेजारी बसवलं होतं. साहेब आले, रेणूच्या गालाला बोट लावलं, सो क्वायट म्हणाले की क्यूट म्हणाले, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी अस्वलाच्या मागं पुन्हा खोकी. तो फोटो कुठंतरी असेल. कुठल्यातरी भिंतीवर. हसरं बाळ. गल्लीतल्या अंगणवाडीत पोरगी टांगून वजन होत होतं, डाळ-तांदळाची पाकिटं मिळत होती, पण दिवसभर मूल ठेवायला कुठंच जागा नव्हती. महिनाभर जैतुनबीनं सांभाळली, तिचे गुडघे गेले. आणि मग गावाहून आत्याबाई आली, शेत दुसऱ्याला बटईनं देऊन, कोंबड्या वाटून टाकून, पत्र्याच्या त्या खोलीत राहायला, जिथं तिला बोलायला माणूस नव्हतं. हेही खरं होतं. सगळंच खरं होतं. खरं असूनही पोट भाजलेलंच होतं.

तेवढ्यात बालसंरक्षणच्या मॅडम आल्या. सुती साडी, गळ्यात ओळखपत्र, चालताना फोनवर कुणालातरी दुपारी पैठणला निघायचंय असं सांगत. गोदावरीला बाजूच्या खोलीत नेऊन बसवल्यावर त्यांनी आधी रेणूकडं वाकून पाहिलं, झबलं स्वतः बोटाच्या टोकानं उचललं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते खोटं नव्हतं. त्या वाईट बाई नव्हत्या. गोदावरीला त्या वाईट असायला हव्या होत्या. त्यांनी नाव, गाव, शिक्षण विचारलं. शिक्षण ऐकून पेन थांबलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात, तरी?"

या 'तरी'ची ती सकाळपासून वाट बघत होती. तरी. शिकलेल्या आईनं तरी. सासूलाही तोच शब्द लागायचा, इतकं शिकली तरी पोरीला न्हाऊ घालता येत नाही. सगळ्यांना तिच्या शिक्षणाचा उपयोग फक्त या एका शब्दाच्या आधी लावायला होत होता. मॅडम शांतपणे सांगत होत्या, की हे कुणी केलं ते स्पष्ट सांगावं लागेल. की बाळ ज्या घरात सुरक्षित नाही त्या घरात आम्ही ते पाठवू शकत नाही. की गरज पडली तर दवाखान्यातून सुटल्यावर काही दिवस शिशुगृहात ठेवावं लागेल, तिथं दाया असतात, वेळेवर सगळं होतं, तुम्ही भेटायला येऊ शकाल. भेटायला. गोदावरीच्या छातीत दूध उतरलं, त्या शब्दावर, आणि ब्लाउज ओला झाला, आणि तिनं रेणूला त्या ओल्यावर घट्ट दाबून धरलं, इतकं की पोर झोपेतच कुरकुरली. कडूबाचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. आपोआप उठलं. किती सोपं होतं ते. म्हणजे म्हातारी वाचली असती, आणि पुढच्या खोकल्याला पुन्हा दिवा पेटला असता.

तिला काही बोलायची वेळच आली नाही. दारात चतुराबाई उभी होती. कॉन्स्टेबल मागून, अहो आजी, आत नाही जायचं, म्हणत होती. म्हातारीनं पिशवी खाली ठेवली, पदर डोक्यावर ओढला.

"बाई, तिला कामून पुसायलात? म्या घातला. ती कामावर व्हती."

मॅडमनी खुर्ची मागं सरकवली. आजी, बाळाला किती त्रास झाला असेल, तुम्हाला कळत नाही का, असं त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, आणि म्हातारीनं ते नीट ऐकून घेतलं, मान हलवत, पंचायतीत ऐकतात तसं.

"कळतंय की. तिच्यासंगं म्या बी रडले. पर डबा झाला व्हता पोरीला, छाती भरली व्हती, पोट उडत व्हतं. पुन्यांदा झाला तर पुन्यांदा घालीन. हात जोडून बसू का? दोन डाव बसले व्हते."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याचं एक चाक ओरडत होतं. मॅडम गोदावरीकडं वळल्या, आणि हळू आवाजात, एका बाईनं दुसऱ्या बाईला विचारावं तसं विचारलं, की या परत करणार म्हणतात, तुम्ही काय म्हणता? गोदावरीला वाटलं आपण ओरडू. तिला वाटलं टेबल उलथून टाकू, बाहेर भिंतीवरच्या चित्रातल्या त्या हसऱ्या बाईला फाडू. पण आवाज निघाला तो अगदी कोरडा, भाजीवाल्याला नको म्हणावं तसा.

"आत्याबाई, आजपासून माझ्या पोरीला हात लावायचा नाही."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. डोळे फडफडले नाहीत. लग्न होऊन आल्यापासून या सुनेनं तिला उलटून बोललेलं नव्हतं; भांडण झालं तरी ते भांड्यांच्या आवाजात झालं होतं. म्हातारी मागं सरकली, भिंतीला लागली आणि तिथंच राहिली. मॅडमनी समाधानानं मान हलवली, लिहायला घेतलं, बरोबर केलंत, म्हणाल्या. तिला ते शाबासकीसारखं लागलं, आणि शाबासकी चाबकासारखी लागली. मॅडमनी पुढचं विचारलं, अगदी साधेपणानं, कागदावरून पेन न उचलताच. मग उद्यापासून, तुम्ही कामावर गेलात की, बाळ कोणाकडं?

त्याचं उत्तर तिच्याकडं असतं तर ती इथं बसली असती का? तिनं मॅडमकडं पाहिलं, त्यांच्या ओळखपत्राकडं पाहिलं, त्यावरच्या सिंहांकडं पाहिलं. उपकेंद्राच्या पाटीवरही हेच सिंह होते का, कडब्याच्या वर? ती काही बोलणार तोच खालची सिस्टर धापा टाकत आली, हातात चिठ्ठी. खाट झालीय, पण हे इंजेक्शन आपल्याकडं संपलंय, समोरच्या मेडिकलमधून आणा, डॉक्टरांनी लगेच द्यायला सांगितलंय. लगेच हं. आणि बाळाला उन्हाधुळीत नेऊ नका, श्वास परत चढेल. बोलता बोलता ती वळलीसुद्धा, तिच्या वॉर्डात तिला दहा जण हाका मारत होते.

गोदावरी उठली. एका हातात चिठ्ठी, एका हातात रेणू. रेणूला घेऊन रस्ता ओलांडायचा नव्हता. रेणूला ठेवायचं होतं. चार मिनिटं, पाच मिनिटं, कुणाच्यातरी हातात. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि मॅडमपुढं पोर धरली.

"धरा."

मॅडमचे हात टेबलावरून उठले, अर्ध्यावर आले आणि तिथंच थांबले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा गोंधळला. म्हणाल्या, नाही हो, ड्यूटीवर असताना आम्हाला असं मूल हातात घेता येत नाही, काही झालं तर जबाबदारी येते, सिस्टरना सांगा ना, नाहीतर कॉन्स्टेबल… कॉन्स्टेबलनं दारातून मान काढून घेतली होती.

"न्यायला आला होतात ना?" गोदावरी म्हणाली. "आत्ता. भेटायला येऊ देणार होतात मला."

मॅडमनी काहीतरी उत्तर दिलं, ते नियमाविषयी होतं, ते बहुधा बरोबरही होतं, तिला ते ऐकू आलं नाही. कानात नुसता घुमणारा राग होता, उंच, सरळ, आणि त्याला जायला जागा नव्हती. रेणू खोकली. तो ओला, खोल खोकला, एवढ्याशा छातीत मावणार नाही असा. मागं पदराची सळसळ झाली. चतुराबाई भिंतीपासून पुढं आली होती. तिनं डोक्यावरचा पदर उतरवला होता, साऱ्या जन्मात परक्या माणसांसमोर तिनं कधी उतरवला नसेल, पांढरे विरळ केस उघडे पडले होते. पदराची दोन टोकं तिनं मुठीत धरून समोर पसरली होती, ओटी घेताना बाई पसरते तशी, झोळीसारखी, मुठी आत वळवून, बोटं पोरीला लागणार नाहीत अशी.

"हात नाय लावत," ती म्हणाली. "टाक हितं. जा."

त्या झोळीला अजून तो वास होता, तुरट, जळक्या तेलाचा. गोदावरीनं झोळीकडं पाहिलं, मग टेबलामागच्या त्या अर्ध्यावर थांबलेल्या, स्वच्छ, नखं नीट कापलेल्या हातांकडं. क्षमा तिच्या मनात कुठंच नव्हती. तिनं वाकून रेणूला पदरात ठेवलं, डोकं उंच राहील असं, पोट वर. फुल्या वर. सरळ धरा, दाबू नका, ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. म्हातारीच्या मनगटाच्या शिरा वजनानं ताणल्या, पण मुठी उघडल्या नाहीत.

मग ती धावली. कॉन्स्टेबलची खुर्ची ओलांडून, जिना उतरून, दारातल्या गर्दीत खांदा घालून, बाहेरच्या पांढऱ्या उन्हात, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षांच्या मधून. ब्लाउजवरून दूध ओघळून पोटापर्यंत आलं होतं, गार लागत होतं. मेडिकलच्या काउंटरवर पुढं माणसं होती. रांगेत या, ताई, कुणीतरी म्हणालं. तिनं ओल्या, चुरगळलेल्या चिठ्ठीचा हात त्यांच्या डोक्यांवरून पुढं काढला आणि तोंडातून आवाज निघाला, एवढा मोठा की औषधवाला हातातली बाटली ठेवून बघायला लागला, एवढा मोठा की समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, पसरलेला पदर धरून उभ्या असलेल्या म्हातारीलाही तो ऐकू गेला असेल. माझी पोर आहे, ती म्हणत होती. माझी. आधी मला द्या.